टक्कल पडले तर काय करावे?

बाजाराचा दिवस होता. तिन्हीसांजेला आम्ही ओसरीवर बसलो होतो. आमचा एक जुना विद्यार्थी आला, पाया पडला आणि खाली मान घालून बसला. वय सव्वीस. घरची तीन एकर जमीन, दोन म्हशी, कष्टाळू मुलगा. त्या दिवशी उकाडा मी म्हणत होता. तरी गडी डोक्यावरची टोपी काढीना.

"अरे, टोपी तरी काढ. घामाने भिजला आहेस," आम्ही म्हणालो.

त्याने इकडे तिकडे पाहिले. घरातले कोणी जवळ नाही अशी खात्री केली, मग टोपी काढली. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले होते. टाळूवरचे केस विरळ झाले होते.

"गुरुजी, कंगवा फिरवला की गुंताच हातात येतो," तो म्हणाला. "दोन ठिकाणी पोरगी बघितली. दोन्हीकडून नकार आला. शहरात एका ठिकाणी नवे केस लावून देतात म्हणं. सव्वा लाख सांगितलेत. आबा म्हणतात, दुभती म्हैस विकू, कमी पडतील ते व्याजानं काढू. तुम्ही सांगाल तसं करतो."

बोलता बोलता त्याची नजर आमच्या डोक्यावर गेली आणि तो ओशाळला. आमचे डोके चाळिशीतच साफ झाले. शाळेत मुले आम्हाला पाठीमागे 'पुनवेचा चंद्र' म्हणत. आम्हाला ते ठाऊक होते. आम्हीही हसायचो. पण सव्वीस वर्षांच्या पोराला, लग्न ठरायच्या वेळी, हसू कसे येणार?

मंडळी, केस गळाले म्हणून कोणी मरत नाही. पण माणूस मनातून खचतो. बाई असेल तर पदराखाली झाकून एकटीच रडते. आणि खचलेल्या माणसाला फसवणारे पुष्कळ असतात. म्हणून आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, म्हैस आठ दिवस थांबेल. आधी केस का गळतात ते पाहू. रोग कळल्याशिवाय औषध नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे त्वचेच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. पुढे आम्ही स्वतःही विचारून आणि वाचून घेतले. ते सगळे इथे सांगतो.

केस कसा वाढतो?

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचे मूळ कातडीत रुतलेले असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढा वाढतो. तो दोन ते सहा वर्षे वाढत राहतो. मग वाढ थांबते. दोन-तीन महिने तो तसाच राहतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून पुन्हा नवा केस येतो.

म्हणजे केस गळणे हे झाडाची जुनी पाने गळण्यासारखे आहे. रोज पन्नास ते शंभर केस गळाले तरी घाबरू नये. मूळ जिवंत असेल तोवर केस परत येतो. मूळच सुकले, तर मात्र वरून कितीही तेल ओता, उपयोग नाही. शेतात बीच नसेल तर नुसते पाणी देऊन काय उगवणार?

केस का गळतात?

कारणे अनेक आहेत. मुख्य कारणे तेवढी सांगतो.

पहिले कारण, आजारपण. टायफॉईड, डेंग्यू असा जोराचा ताप येऊन गेला, की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात. २०२० आणि २०२१ साली कोरोना झालेल्या कितीतरी लोकांना हा अनुभव आला. बाळंतपणानंतरही असेच होते. यात मुळे शाबूत असतात. बहुतेकांचे केस सहा महिने ते वर्षभरात आपोआप भरून येतात.

दुसरे कारण, अंगात रक्त कमी असणे. आपल्याकडच्या बायकांत हे फार आढळते. घरातल्या सगळ्यांना वाढून उरेल ते ती खाते. मग दम लागतो, चेहरा पांढुरका पडतो आणि केस गळतात. थायरॉईड नावाची एक ग्रंथी गळ्यात असते. तिचे काम बिघडले तरी केस गळतात. या दोन्ही गोष्टी रक्त तपासून कळतात.

तिसरे कारण, चाई. डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गोल, गुळगुळीत डाग पडतो. लोक म्हणतात, किड्याने केस खाल्ले. ते खरे नाही. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून चाई पडते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. लहान मुलांच्या डोक्यात गजकर्ण होते, त्यानेही केस जातात. ते मात्र लागट असते. एकाचा कंगवा, टोपी, पंचा दुसऱ्याने वापरू नये. त्याला डॉक्टरांकडून पोटात घ्यायचे औषध लागते.

चौथे कारण, वंशाचे टक्कल. पुरुषांत हेच सर्वांत जास्त. आधी कपाळाचे कोपरे मागे जातात, मग टाळू उघडी पडते. बायकांत भांग रुंद होत जातो. हे आईकडून येते, तसे बापाकडूनही येते. यात मुळे हळूहळू बारीक होतात. टोपी घातल्याने किंवा विहिरीचे पाणी बदलल्याने हे टक्कल पडत नाही. आणि वरचेवर गोटा केल्याने केस दाट होत नाहीत. वस्तरा वरचा केस कापतो. मुळापर्यंत तो पोचतच नाही.

कधी कधी कारण अगदीच वेगळे निघते. आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट घ्या. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत एकाएकी लोकांचे केस गळू लागले. बाया, पुरुष, मुले, कुणी सुटले नाही. काहींना तर तीन-चार दिवसांत टक्कल पडले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या लोकांचे रक्त, लघवी व केस तपासून घेतले. त्यांत सेलेनियम नावाचे द्रव्य फार आढळले. ते रेशनच्या गव्हातून पोटात गेले, असे त्यांनी मांडले. सेलेनियम अंगाला अगदी कणभर लागते. जास्त झाले तर केस आणि नखे गळतात. पुढे तिथल्या बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवू लागले. आता सांगा, त्या लोकांनी घाईने जमीन विकून शस्त्रक्रिया केली असती, तर केवढे नुकसान झाले असते?

चिरफाड न करता उपाय

आता उपायांकडे येऊ. उपाय दोन तऱ्हेचे आहेत. एक बिनचिरफाडीचे, दुसरे शस्त्रक्रियेचे. आधी पहिले पाहू.

आजारपणाने किंवा रक्त कमी असल्याने केस गळत असतील, तर मूळ दुखणे बरे करणे हाच उपाय. डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे, जमेल तर अंडी, दूध पोटात जाऊ द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून मिळते, लोहाच्या गोळ्याही मिळतात. गावातल्या आशाताईंना विचारा. चाईलाही औषधे आहेत. पुष्कळदा ती आपोआप भरून येते. या कोणत्याही कारणासाठी घाईने केसांची शस्त्रक्रिया करू नये.

वंशाच्या टकलासाठी दोन औषधे मुख्य आहेत.

एकाचे नाव मिनॉक्सिडिल. याची गंमत ऐका. हे आधी रक्तदाबाचे औषध होते. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९८८ साली अमेरिकेत डोक्याला लावायला त्याची परवानगी मिळाली. हे पातळ औषध रोज टाळूला लावायचे. पुरुषांना चालते, बायकांनाही चालते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी लावू नये. सुरुवातीला काही आठवडे केस उलट जास्त गळतात. तेव्हा लोक घाबरून बाटली फेकून देतात. तसे करू नये. गुण यायला चार ते सहा महिने लागतात. काहींना खाज सुटते. छातीत धडधडले, तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

दुसऱ्याचे नाव फिनास्टराइड. ही गोळी आहे. १९९७ साली अमेरिकेत टकलासाठी तिला परवानगी मिळाली. पुरुषाच्या शरीरातला एक रस केसांची मुळे बारीक करतो. ही गोळी तो रस कमी करते. ती पुरुषांसाठीच आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. थोड्या पुरुषांना या गोळीने संसारसुखाची इच्छा मंदावते, कुणाचे मन उदास होते. असे झाले तर लाज न धरता डॉक्टरांना सांगावे. गरोदर बाईने या गोळीचा चुरासुद्धा हाताळू नये. पोटातल्या मुलग्याला त्यापासून धोका असतो.

दोन्ही औषधांचा एक मोठा दोष आहे. ती चालू असतात तोवरच गुण राहतो. बंद केली की काही महिन्यांत केस पुन्हा जाऊ लागतात. पण दोन्हींचा मोठा गुण असा, की आहे ते केस ती राखतात. बांध फुटण्याआधी माती टाकावी, तसे हे आहे. टक्कल नुकते सुरू झाले असेल तर उपयोग जास्त. पुरती सपाट झालेल्या टाळूवर फारसा उपयोग नाही. खर्च महिन्याला काहीशे रुपये येतो. तो वर्षानुवर्षे करायचा आहे, हे आधीच धरून चालावे.

आणखी एक उपाय आहे. आपलेच रक्त काढतात, यंत्रात फिरवतात आणि त्यातला पिवळसर भाग टाळूत टोचतात. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना होत नाही. तो पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि महाग पडतो.

केसांचा टोप हाही बिनचिरफाडीचाच उपाय. नाटकातले नट वापरतात तसा. त्यात धोका काही नाही.

केसांची लावणी

आता शस्त्रक्रियेचे पाहू. शहरात तिला हेअर ट्रान्सप्लांट म्हणतात. आपण केसांची लावणी म्हणू, म्हणजे चटकन समजेल.

कांद्याची लावणी तुम्ही केली आहे. वाफ्यातले रोप उपटायचे आणि दुसऱ्या रानात लावायचे. ही शस्त्रक्रिया तशीच आहे. वंशाचे टक्कल कितीही पडले, तरी डोक्याच्या मागच्या बाजूचे आणि कानांवरचे केस सहसा टिकतात. आमच्यासारख्याच्या डोक्याकडे पाहा, मागे झालर शिल्लक आहेच. त्या टिकाऊ केसांची मुळे काढून पुढे लावतात. ती नव्या जागीही आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत. जपानमधले डॉक्टर ओकुदा यांनी १९३९ साली भाजलेल्या व्रणांवर केस लावण्याची रीत लिहून ठेवली. न्यूयॉर्कचे डॉक्टर ओरेनट्राइच यांनी १९५९ साली टकलावर लावलेले केस टिकतात हे दाखवून दिले.

रोपे काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत डोक्याच्या मागून कातडीची लांब, अरुंद पट्टी कापतात आणि टाके घालतात. पट्टीतून एकेक रोप वेगळे करतात. मागे रेघेसारखा व्रण राहतो. केस बारीक कापले तर तो दिसतो. दुसऱ्या रीतीत साधारण एक मिलिमीटर तोंडाच्या पोकळ हत्याराने एकेक रोप थेट उपटतात. टाके लागत नाहीत, बारीक ठिपके राहतात. वेळ मात्र जास्त लागतो. एका रोपात एक ते चार केस असतात.

दोन्ही रीतींत डोके सुन्न करण्याची सुई देतात. माणूस जागा असतो. काम पाच-सहा तास, कधी त्याहूनही जास्त चालते. दोन-तीन हजार रोपे लावतात. मग घरी सोडतात. दोन-चार आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात. इथे माणसाचा जीव खालीवर होतो. पण मुळे आत राहिलेली असतात. तीन-चार महिन्यांनी केस उगवू लागतात. पुरते रूप दिसायला नऊ महिने ते वर्ष लागते. खर्च अनेक ठिकाणी पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत येतो.

आता या शस्त्रक्रियेचे मर्म सांगतो. लावणीने एकही केस नवा तयार होत नाही. मागचा पुढे येतो, एवढेच. कांद्याच्या वाफ्यात पुन्हा बी टाकता येते. डोक्याच्या वाफ्यात पुन्हा बी टाकता येत नाही. मागची रोपे संपली की संपली.

दुसरी गोष्ट. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे जुने केस गळायचे थांबत नाहीत. विशी-पंचविशीत टक्कल कुठवर जाणार हे ठरलेले नसते. घाई केली तर काही वर्षांनी पुढे हिरवा पट्टा आणि मागे माळरान अशी गत होते. म्हणून लावणी केली तरी बहुतेकांना औषध चालूच ठेवावे लागते.

शस्त्रक्रिया वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. जुने टक्कल, स्थिर झालेले, मागे केस भरपूर, प्रकृती चांगली, पैसा साठवलेला, अशा माणसाला ती लाभते. भाजल्याने केस गेलेल्यांनाही तिचा उपयोग होतो. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांनी पंचेचाळिसाव्या वर्षी करून घेतली. ते समाधानी आहेत. पण त्यांनी त्यासाठी कर्ज काढले नाही.

धोका कुठे आहे?

डोके सुन्न करणारे औषध प्रमाणाबाहेर गेले, ते सोसले नाही, किंवा जखम चिघळली, तर जिवावर बेतू शकते. कानपूर शहरात नोव्हेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये केसांच्या लावणीनंतर दोन अभियंते दगावले. लावणी करणारी व्यक्ती दातांची डॉक्टर होती, असे चौकशीत पुढे आले. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ सालीच बजावले आहे, की हे काम शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे आहे, चित्रफिती पाहून ते शिकता येत नाही.

म्हणून लावणी करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात.

१. सुई आणि हत्यार कोण धरणार? ते त्वचेचे डॉक्टर आहेत की शस्त्रक्रियेचे? त्यांची नोंदणी आहे का?

२. अचानक प्रकृती बिघडली तर तिथे काय सोय आहे?

३. किती रोपे लावणार आणि एकूण खर्च किती? हे कागदावर लिहून घ्यावे.

४. आपल्याला मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे दुखणे आहे का, कोणते औषध सोसत नाही, हे आपणही लपवू नये.

तेलवाल्यांपासूनही सांभाळा. पंजाबात संगरूर येथे मार्च २०२५ मध्ये टक्कल घालवण्याचे शिबिर भरले. डोक्याला काहीतरी लावले आणि साठाहून अधिक लोकांचे डोळे सुजून लाल झाले. ते केस मागायला गेले होते, डोळे धरून रुग्णालयात आले. टक्कल हमखास बरे करतो असा दावा करून औषध विकायला आपल्या देशाच्या नियमांत मनाई आहे. तेल जरूर लावा. केस मऊ राहतील. पण तेलाने सुकलेले मूळ जिवंत होत नाही.

मग त्या मुलाचे काय झाले?

डॉक्टरांनी त्याला विचारले, "गेल्या चार महिन्यांत आजारी होतास का?" तेव्हा त्याला आठवले, पावसाळ्यात टायफॉईड होऊन तो तीन आठवडे अंथरुणावर होता. गुंता हातात येत होता तो त्यामुळे. कपाळाचे कोपरे मागे गेले होते ते मात्र वंशाचे. त्याच्या वडिलांचेही तसेच आहेत. डॉक्टर म्हणाले, "तापाने गेलेले केस परत येतील. कोपऱ्यांसाठी लावायचे औषध देतो. लावणीचा विचार पाच-सात वर्षे नको."

म्हैस गोठ्यातच राहिली. आठ महिन्यांनी तो पुन्हा आला. टाळू बरीच भरली होती. कपाळाचे कोपरे मात्र तसेच होते. त्याने ते लपवले नव्हते.

"गुरुजी, या वेळी पोरगी बघायला टोपी न घालता गेलो," तो म्हणाला. "पोरीनं विचारलं, म्हशी किती आहेत? म्हटलं, दोन. त्यातली एक या केसांपायी जात होती. ती हसली. पसंती आली."

आम्हीही हसलो. चहा झाला. जाताना त्याने टोपी डोक्यावर न घालता खिशात ठेवली.

तेव्हा मंडळी, एवढे लक्षात ठेवा. केस गळू लागले तर आधी कारण शोधा. पुष्कळांचे केस नुसत्या वेळाने आणि अन्नाने परत येतात. औषध आहे ते केस राखते. शस्त्रक्रिया मागचे पुढे नेते, नवे देत नाही. कोणता उपाय करायचा हे डॉक्टरांना विचारून, आपली ऐपत पाहून ठरवा. पण डोक्यावरच्या केसांसाठी डोक्यावर कर्ज घेऊ नका.